कविता पाठ करून काय मिळतं?

वाचक विचारतात

नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं या वेळी एकाच प्रश्नाभोवती फिरताहेत: कला-साहित्याचा माणसाला नेमका उपयोग काय? त्यातली काही निवडून, जागेअभावी थोडी आटोपशीर करून, इथे घेतली आहेत.

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शिक्षक कमी असल्यानं यंदा आठवीचं मराठीही माझ्याकडे आलं आहे. मुलं विचारतात, ‘सर, कविता पाठ करून काय मिळतं?’ पुलानं नदी ओलांडता येते, गोळीनं ताप उतरतो. कवितेनं काय होतं, हे मला धड सांगता येत नाही.
– एक शिक्षक, नाशिक रोड

उत्तर: हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याला रोखठोक उत्तरंही दिली गेली आहेत. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजनं सांगितली: कीर्ती, पैसा, जगात कसं वागावं याचं ज्ञान, अमंगलाचं निवारण, वाचताक्षणी मिळणारा श्रेष्ठ आनंद आणि प्रिय व्यक्तीनं गोडीत सांगावा तसा उपदेश. पैसा त्यानं लपवलेला नाही, हे मुलांना जरूर सांगा. मात्र सहांमध्ये वरचं स्थान त्यानं आनंदाला दिलं. उपदेशाचेही तो तीन प्रकार करतो. वेद मालकासारखे आज्ञा देतात, पुराणं मित्रासारखी समजावतात आणि काव्य आपल्याला आधी आपलंसं करतं, मग सांगतं.

हे पुस्तकी वाटत असेल तर जात्यावरची ओवी घ्या. पहाटे दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरायच्या. एक हात मूठमूठ दाणे टाकत राहायचा, वरची तळी फिरत राहायची आणि तिच्या फेऱ्याच्या चालीवर एकीनं ओळ टाकली की दुसरी ती उचलायची. सासूच्या देखत आपला सासुरवास सरळ बोलायची सोय नव्हती. पण सीतेला वनवास घडला, तिला कुणी विचारलं नाही, असं गायला कोण हरकत घेणार? गाणारीचं दुःख सीतेचं झालं की ते चारचौघांत उच्चारता येतं. ऐकणारी दुसरी बाई त्यात आपलं दुःख ओळखते, आणि आपण एकट्याच नाही हे दोघींना कळतं. संस्कृत काव्यशास्त्रात याला साधारणीकरण म्हणतात: एकाचं खासगी सुखदुःख सगळ्यांना अनुभवता येईल असं होणं. कवितेनं काय होतं, याचं आमचं उत्तर हेच. एकट्यानं भोगलेलं सांगण्याजोगं होतं आणि त्यामुळे सोसण्याजोगं होतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. कुणी शिकवायला न बसवता एवढं काव्य उभं राहिलं, ते गरजेपोटीच. गावात पिठाची गिरणी आली, हाताचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं. पण गाण्याची जागाही त्याबरोबर गेली.

आता वर्गात काय कराल? कविता दोनदा मोठ्यानं वाचा, मध्ये एकही शब्द समजावू नका. मग एक ओळ फळ्यावर लिहा, तिच्यातला एक शब्द पुसून तिथे त्याच अर्थाचा दुसरा शब्द घाला आणि पुन्हा वाचायला लावा. काय बिघडलं? लय मोडली, की चित्र बदललं, की आवाज कठीण झाला? मुलं हे अचूक सांगतात. त्यानंतरच अर्थाकडे वळा. पाठांतर शेवटी. ‘कवीला काय म्हणायचं आहे?’ या प्रश्नानं तास सुरू केलात तर मुलं थेट गाईडमधलं उत्तर शोधायला लागतात आणि कविता तिथेच संपते. एका तासिकेत चार ओळी झाल्या तरी पुरे. आणि पाठांतराला कमी लेखू नका. पाठ असलेली ओळ परीक्षेनंतरही माणसाजवळ राहते आणि पुस्तक हाताशी नसताना, रात्री-अपरात्री, तीच उपयोगी पडते.

प्रश्न: कालिदास कलामंदिरात तिकीट काढून शोकांतिका बघायची आणि रडत बाहेर पडायचं, यात सुख कसलं? वडील नुकतेच गेले आहेत. मैत्रिणी म्हणतात, नाटकाला चल, मन हलकं होईल.
– एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर: भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाटक कुणासाठी, ते सांगितलं आहे: दुःखानं, श्रमानं, शोकानं पिडलेल्यांना विसावा देण्यासाठी. रंगमंचावरचा बाप आपला नसतो, म्हणून त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघता येतं. घरातल्या प्रसंगात धावपळ असते, पाहुणे असतात, कागदपत्रं असतात. रडायला निवांतपणा नसतो. नाटक तो देतं. पण हे अंतर असलं तरच घडतं. दुःख अगदी ताजं असताना रंगमंचावरचा बाप आणि आपला बाप वेगळे राहत नाहीत, आणि नाटक नुसतं टोचतं. तेव्हा मैत्रिणींच्या आग्रहाखातर जाऊ नका. सध्या ओळखीचं, पूर्वी आवडलेलं काहीतरी वाचा किंवा ऐका, नवं नको. बरेच आठवडे झोप आणि जेवण ताळ्यावर येत नसेल तर डॉक्टरांकडे जा. ते काम नाटकाचं नव्हे.

प्रश्न: आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, पुढे काढणी. कादंबरी वाचायला वेळ कुठला? गावात सप्ताह होतो, तेव्हा ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसतो, कीर्तन ऐकतो. हे साहित्यात धरायचं का?
– एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर: धरायचं म्हणजे काय, मराठी साहित्याचा पायाच तो. ज्ञानेश्वरी शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मधली. संस्कृतात अडकलेलं ज्ञान आपल्या लोकांच्या बोलीत आणण्यासाठी ती सांगितली गेली. कवितेचं याहून मोठं प्रयोजन कुठलं दाखवणार? आणि ज्या गुरूच्या, थोरल्या भावाच्या कृपेचा ज्ञानदेव वारंवार उल्लेख करतात, त्या निवृत्तिनाथांची समाधी आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी आहे.

फक्त पारायणाची गती लक्षात घ्या. सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत म्हणजे रोज जवळपास तेराशे. त्यात सामूहिक उच्चाराचं बळ मिळतं, पण एकेका ओवीपाशी थांबता येत नाही. म्हणून वर्षभराचं वेगळं ठेवा: रोज पाच ओव्या. बारावा अध्याय 247 ओव्यांचा आहे. पन्नास दिवसांत होतो. सुरुवात तिथून करावी, कारण तो लहान आहे, भक्तीवर आहे आणि मनाला लवकर भिडतो.

ओवी मोठ्यानं म्हणा. पहिल्या तीन चरणांत यमक जुळतं आणि चौथा आखूड येऊन थांबतो. त्या थांबण्यात बरेचदा ओवीचा खरा भार असतो. आधी ओवी, मग सार्थ प्रतीतला अर्थ, मग पुन्हा ओवी. बहुतेक जण थेट अर्थ वाचतात, आणि मग ओवीकडे नजर जातच नाही. गीतेवरचं एक निवेदन तेवढं हाती राहतं, दृष्टान्तांची सारी श्रीमंती निसटते. छाटणीच्या धांदलीत दोन-चार दिवस चुकले तर राहिलेल्या ओव्या भरून काढायच्या भानगडीत पडू नका. जिथे सोडलं तिथून पुढे चला.

प्रश्न: आमच्या सोसायटीत वाचनकट्टा सुरू करायचा आहे. मागे दोनदा सुरू झाला आणि तीन-चार बैठकांत बंद पडला. काय चुकत असेल?
– एक गृहिणी, इंदिरानगर

उत्तर: बहुधा ‘सगळ्यांनी पुस्तक घरून वाचून यायचं’ हा नियम. पहिल्या बैठकीला आठ जण वाचून येतात, दुसऱ्या वेळी चार, तिसऱ्या वेळी न वाचलेले लाजेनं येतच नाहीत. नियम उलटा करा: वाचायचं ते तिथेच, एकत्र, मोठ्यानं. आठ-दहा पानांची कथा सावकाश वाचायला अर्धा तास लागतो. दोघा-तिघांनी आळीपाळीनं वाचावी. सगळ्यांना वाचायची सक्ती करू नये, काहींना अडखळायची भीती वाटते. पुढची पाऊण तास चर्चा आणि पंधरा मिनिटं पुढच्या वेळची निवड. दीड तासाच्या वर जाऊ नका.

माणसं आठ ते बारा. सहाच्या खाली आली की दोघं गैरहजर असताना गप्पाच होतात. पंधराच्या वर गेली की निम्मे श्रोते बनतात. दिवस आणि वेळ पक्की हवी, उदाहरणार्थ दर दुसऱ्या शनिवारी दुपारी चार. ‘सगळ्यांना सोयीची तारीख’ शोधायला लागलात की कट्टा संपलाच समजा.

चर्चेसाठी एकच प्रश्न आधी ठरवून ठेवा, आणि तो मजकुराकडे नेणारा असावा: या बाईनं शेवटी दार का उघडलं नाही? ती ओळ कुठे आहे? वाचून दाखवा. ‘कथा कशी वाटली?’ असं विचारलं की ‘छान वाटली’ येतं आणि मग जो तो आपल्या नातेवाइकांवर घसरतो. एक-दोन जण सगळा वेळ बोलतात, हे दुसरं दुखणं. उपाय म्हणजे पहिल्या फेरीत प्रत्येकानं क्रमानं एक वाक्य आवडलेलं आणि एक खटकलेलं सांगायचं. कुणी कुणाला मध्ये तोडायचं नाही. मतभेद झाले तर मिटवायला जाऊ नका. त्याच कथेत शेजारणीला वेगळंच दिसलं, हे समजायलाच तर एकत्र वाचायचं. नाहीतर घरी एकट्यानं वाचणं काय वाईट?

चहा ठेवा, नाश्ता नको. ज्यांच्या घरी बैठक, त्यांच्यावर पोहे-उपम्याचं ओझं पडायला लागलं की घरं मिळेनाशी होतात. पहिलं वर्षभर पाहुणे लेखकही बोलावू नका. शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आभार यातच वेळ जातो आणि वाचन मागे पडतं.

पुस्तकांची अडचण नाशिकमध्ये तरी पडू नये. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत जातात. तिथेही चौकशी करा. आपल्या जिल्ह्यात जन्मलेले दलित साहित्यिक बाबूराव बागूल यांच्या कथा कट्ट्यावर अवश्य वाचा. त्या ऐकताना अस्वस्थ वाटेल, कुणी म्हणेल की शनिवारी दुपारी हे कशाला. तो आक्षेपच त्या दिवसाचा विषय करा.

प्रश्न: नवीन फ्लॅटच्या हॉलमध्ये टीव्हीमागच्या भिंतीवर मुलांसोबत वारली चित्र काढायचं आहे. गेरू आणि तांदळाचं पीठ वापरावं म्हणतो. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, सिडको

उत्तर: आधी एक विनंती. वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक रेखतात. चौकोनी नक्षीदार चौकट, आत पालघट देवी. तो लग्नविधीचा भाग आहे. इंटरनेटवर सुंदर दिसतो म्हणून तो टीव्हीमागे उतरवू नका. शेतीची कामं, झाडं, पक्षी, तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाच हे विषय मोकळे आहेत. 1970 नंतर जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतांनी ही चित्रं कागदावर-कापडावर आणली, ती बरीचशी अशाच रोजच्या जगण्याची.

फ्लॅटच्या भिंतीला गुळगुळीत प्लॅस्टिक पेंट असतो. त्यावर गेरू धरत नाही, वाळल्यावर पापुद्रे सुटतात. शिवाय तांदळाच्या पिठात खळ असते. नाशिकच्या पावसाळ्यात बंद हॉलमध्ये तिला बुरशी येते. म्हणून भिंतीऐवजी प्लायवुडचा तुकडा किंवा जाड सुती कापड घ्या. गेरू भिजवून, गाळून, त्यात डिंकाचं पाणी घालून दोन हात द्या. वाळल्यावर बोट फिरवून पाहा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला आहे.

वाटीभर तांदूळ चार-पाच तास भिजवून अगदी गंधासारखे वाटा, गाळा, थोडा डिंक घाला. ओलं असताना हे पांढरं फिकट दिसतं आणि वाळताना उजळतं. हे ठाऊक नसल्यानं लोक वरून पुन्हा पुन्हा हात देतात, थर जाड होतो आणि तडकतो. एक रेघ काढून पूर्ण वाळू द्या, मगच दाटपणा ठरवा. ब्रशऐवजी बांबूची काडी, टोक ठेचून तंतू मोकळे केलेली. चित्र वर्षानुवर्षं टिकवायचंच असेल तर सरळ पांढरा अॅक्रिलिक रंग वापरा. त्यात कमीपणा नाही.

माणूस म्हणजे कमरेत टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. जीव येतो तो त्यांच्या कलण्यातून. वरचा त्रिकोण पुढे झुकला तर बाई लावणी करतेय, मागे गेला तर माणूस दोर ओढतोय. पट्टीनं उभे त्रिकोण आखले की सगळी माणसं छापल्यासारखी ताठ होतात. म्हणून आखणी करूच नका. तारपा नाचात वादक मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती वळत जाणाऱ्या साखळीत, आणि तारप्याकडे कुणी पाठ करत नाही. मुलांना आधी साखळीची एकच वळणदार रेघ काढू द्या, मग तिच्यावर माणसं बसवा. उलट केलंत तर साखळी कुठेतरी तुटतेच.

प्रश्न: मुलगी नववीत. सारखी चित्रं काढते. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, एवढ्यासाठी चालू दिलं आहे. परीक्षा झाली की थांबवावं का?
– एक पालक, पंचवटी

उत्तर: थांबवू नका. अ श्रेणीचे सात, ब चे पाच, क चे तीन गुण ही शासनाची सवलत आहे, जरूर घ्या. पण परीक्षेच्या स्थिरचित्रात आणि स्मरणचित्रात तिची नजर जी तयार होतेय, ती गुणपत्रिकेत दिसत नाही. तुम्ही पंचवटीत राहता. महिन्यातून दोनदा सकाळी सातला तिला गोदाघाटावर न्या. ए-फोर आकाराचा जलरंगाचा जाड कागद, 300 जीएसएमचा, म्हणजे पाण्यानं फुगणार नाही. तीन रंग, एक मोठा ब्रश, पाण्याची बाटली. आधी पेन्सिलीनं फक्त मोठे आकार आणि सावल्यांच्या कडा लावून घ्यायच्या, कारण तासाभरात ऊन सरकतं आणि सुरुवातीची सावली व शेवटची सावली एकमेकींशी भांडतात. फिकट रंग आधी, गडद नंतर. पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. पहिला थर वाळायच्या आत दुसरा दिला तर दोन्ही एकमेकांत पसरतात. देवळाच्या शिखरावरची नक्षी आधी काढायचा मोह मुलांना हमखास होतो. ती सगळ्यात शेवटी, आणि वेळ उरला तरच. तुम्ही शेजारी बसा, पण चित्र पूर्ण होईपर्यंत मत देऊ नका.