अल्बारेलो गोळा करायला लागताय? आधी एवढं बघा

अल्बारेलो म्हणजे जुन्या काळची औषधं ठेवायची मातीची बरणी. पहिली बरणी लगेच घेऊ नका, आधी भरपूर बघा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं कलेक्शन ऑनलाइन आहे, तिथे इटालियन माजोलिका (कथिलाच्या पांढऱ्या, चकचकीत ग्लेझवर रंगवलेली मातीची भांडी) आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या औषधी बरण्यांचे फोटो झूम करून बघत बसा, डोळा तयार होतो.

आकारावरून काम कळतं. कमरेत आत गेलेली उभी बरणी म्हणजे अल्बारेलो, मलम नाहीतर कोरड्या औषधांची, फळीवर दाटीने ठेवल्या तरी कमरेला धरून पटकन उचलता यायच्या. तोटीवाली असेल तर सिरप किंवा तेल. आणि झाकण नाही म्हणून सोडून देऊ नका, बऱ्याच बरण्यांना ते नसायचंच, तोंडावर चर्मपत्र ताणून काठाखाली दोरी बांधायचे, त्यासाठीच तो काठ बाहेर आलेला असतो!

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- बरणीवर औषधाचं लॅटिन नाव दिसलं की जुनी समजतात. 19व्या शतकात फ्लॉरेन्सच्या कांतागाल्ली कारखान्याने जुन्या धर्तीची माजोलिका बनवली, तळाशी खूण म्हणून कोंबडा असतो. सुंदर आहेत, घ्या की, पण रेनेसाँच्या भावाने नको.
- काठाचा टवका उडालेला बघून नाक मुरडतात. कथिलाचं ग्लेझ काठावर उडतंच, उलट तिथे खालची पिवळट नाहीतर तांबूस माती दिसते ते बरंच. अगदी गुळगुळीत काठ असेल तर रिपेअर झालंय का विचारा.
- घरी आणून पाण्यात बुडवतात. प्लीज नको, आतली माती पाणी पिते. मऊ कोरडा ब्रश पुरे.

भट्ट्या, चित्रकारांच्या खुणा वगैरे सध्या राहू द्या.