'लास उएल्गास' म्हणजे संपवाल्या नन्सचा मठ?

प्रश्न असा आलाय की स्पेनमधल्या बुर्गोसला 'लास उएल्गास' नावाचा सिस्टर्शियन (कॅथलिक संन्याशांचा एक पंथ) नन्सचा जुना मठ आहे, आणि ट्रान्सलेशन अ‍ॅपमध्ये उएल्गा टाकलं की 'संप' येतं, तर तिथल्या नन्सनी कधी संप केला होता का?

नाही हो. आजच्या स्पॅनिशमध्ये उएल्गा म्हणजे संप हे बरोबरच आहे, पण तो अर्थ बराच नंतरचा, मजूर-कारखान्यांच्या काळातला. शब्द आलाय 'ओल्गार' या क्रियापदावरून, म्हणजे आराम करणे, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'फोलिस', लोहाराचा भाता. भात्यासारखा श्वास घेणे, थोडक्यात आपलं 'दम खाणे'! मग काम थांबवून बसणं, आणि तिथून संप. (आपला संप बरोबर उलट्या वाटेचा वाटतो, गुजरातीत संप म्हणजे अजूनही एकोपा.)

मठाच्या नावातल्या उएल्गास म्हणजे राजाची विसाव्याची जागा. कुणी म्हणतं कुरणं, कुणी म्हणतं मौजेचा वाडा, मला कुरणं जास्त पटतात. 1187 मध्ये कॅस्टिलचा राजा आठवा अल्फोन्सो आणि त्याची राणी लेओनोर, ही इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची मुलगी, यांनी तिथे मठ काढला, पहिल्या नन्स नवारातल्या तुलेब्रासहून आणल्या आणि पुढे दोघांना पुरलंही तिथेच.

आता खरी गंमत, नाव विसाव्याचं पण तिथल्या अ‍ॅबेसला, म्हणजे मठाच्या प्रमुख ननला, विसावा कुठला! कॅस्टिल आणि लेओनमधल्या सिस्टर्शियन नन्सच्या मठांवर हिचा वचक, गावंच्या गावं हिच्या ताब्यात, आणि तिच्या हद्दीत पाद्र्याला मास (चर्चमधली मुख्य प्रार्थना) म्हणायचा किंवा कन्फेशन (पापांची कबुली) ऐकायचं तर परवाना हिच्याकडून घ्यावा लागायचा, बिशपचं तिथे काही चालत नसे. 1210 मध्ये तर पोप तिसऱ्या इनोसंटने पत्रच धाडलं की बुर्गोस आणि पालेन्सिया भागातल्या अ‍ॅबेस स्वतःच कन्फेशन ऐकतात, प्रवचन देतात, हे बंद करा. तेवढं बंद करायला सांगितलं खरं, पण बाकीचा अधिकार थेट 1873 पर्यंत टिकला, मग पोप नवव्या पायसने काढून घेतला. साडेसहाशे वर्षांहून जास्त!

तेव्हा लेखात लिहिताना 'लास उएल्गास मठ' असंच ठेवा, भाषांतराच्या भानगडीत पडू नका, आणि 'हुएल्गास' तर नकोच, स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा ह गिळतात. तो ह अंदालुसियावाल्यांनी मात्र खाकरून म्हटला आणि उएल्गाचं 'हुएर्गा' झालं, त्याचा अर्थ रात्रभरची धमाल पार्टी. त्यामुळे स्पेनमध्ये कुणी हुएर्गाला बोलावलं तर बॅनर घेऊन जाऊ नका.