माल अडवायचं नंतर बघू, आधी चेकचा मेमो काढा

ताई, तुमची हकिगत दोनदा वाचली. भोसरीतलं वडिलांचं पावडर कोटिंगचं युनिट २०२४ मध्ये तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलं. चाकणच्या एका प्रायव्हेट लिमिटेड पार्टीकडे सात बिलांचे ४ लाख ८० हजार अडकलेत. त्यापोटी दिलेला १ लाख २० हजारांचा चेक परत आला, त्याला अठरा दिवस झाले, आणि पार्टी म्हणते, "पुढच्या आठवड्यात परत टाका." शेजारच्या गाळ्यातले काका सांगतात त्यांचा माल अडवून ठेव. भावाचं म्हणणं, नोटीस गेली की काम गेलं. मी वकील नाही. सातपूरला बावीस वर्षं जॉबवर्क करतोय आणि वसुलीपायी बऱ्याच पायऱ्या झिजवल्यात, तेवढ्याच अधिकारावर लिहितो.

सगळ्यात आधी चेक, कारण घड्याळ तिथेच चालू आहे. बँकेचा रिटर्न मेमो (चेक का परत आला ते सांगणारी चिठ्ठी) हातात आल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे. म्हणजे तुमच्याकडे बारा दिवस उरलेत, आणि "पुढचा आठवडा" त्यातले सात खाणार. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कलम १३८ (न वटलेल्या चेकचं कलम) खाली कोर्टात तक्रार. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने झाले नसतील तर तो पुन्हा टाकता येतो आणि पुन्हा परत आला तर नवा मेमो, नवे ३० दिवस. पण ती सोय मागच्या खिशात ठेवा, तिच्या भरवशावर बसू नका.

नोटीस कंपनीला आणि चेकवर सही करणाऱ्या डायरेक्टरला, दोघांनाही पाठवा. आणि नोटिशीत मागणी चेकच्या रकमेचीच करा, रुपयाचाही फरक नको. सगळी ४ लाख ८० हजारांची बाकी त्यात कोंबायचा मोह होतो, वकीलही घाईत कोंबतात. चेकची रक्कम आणि मागितलेली रक्कम जुळली नाही म्हणून नोटीसच बाद, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. बाकीच्या पैशांचं पत्र वेगळं लिहा. तुमच्या बाजूची गोष्ट अशी, की तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते. चाकणला खेटे घालावे लागत नाहीत.

आता काकांचा सल्ला. तो अर्धा बरोबर आहे, म्हणूनच घातक. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७० आहे: ज्या मालावर तुम्ही मेहनत केली, त्या मेहनतीचे पैसे मिळेपर्यंत तो माल ठेवून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. पण त्याच मालाच्या मजुरीपुरता. फेब्रुवारीच्या ब्रॅकेटचे पैसे थकले म्हणून आज आलेले पॅनल अडवता येत नाहीत. शिवाय उधारी ठरलेली असेल तर तोही हक्क नाही. कायद्यातच शिंप्याचं उदाहरण दिलंय. तीन महिन्यांची उधारी कबूल केलेल्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. तुमच्या पीओवर (त्यांच्या खरेदी ऑर्डरवर) '६० दिवस' छापलंय, म्हणजे तुम्ही तो शिंपी. उद्या त्यांनी अपहाराची तक्रार ठोकली तर पैसे बाजूला राहतील आणि तुम्ही चौकीत बसाल. आलेला माल कोट करून द्या, फक्त नवा लॉट उतरवून घेताना आगाऊ पैसे मागा. ते बेकायदा आहे असं कुणी म्हणणार नाही.

खरी गुंतागुंत उद्यममध्ये, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीत, आहे आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीत. उद्यम नोंदणी पॅनवर असते. प्रोप्रायटरशिपमध्ये (एकाच मालकाच्या धंद्यात) वडिलांचा धंदा म्हणजे वडील स्वतः, त्यांचं उद्यम तुमच्या नव्या जीएसटी नंबरला चिकटत नाही. तुम्ही स्वतःचं उद्यम काढलं तेव्हा सातपैकी चार बिलं आधीच होऊन गेली होती. म्हणून टेबलावर दोन ढीग करा. आधीची चार बिलं, २ लाख ६० हजार. नंतरची तीन, २ लाख २० हजार. नोंदणीआधीच्या मालाला किंवा कामाला एमएसएमईडी कायद्याचा (लहान उद्योगांच्या थकबाकीचा कायदा) फायदा मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालय २०२१ मध्ये म्हणालं. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने त्यावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. त्या भानगडीत २ लाख ६० हजारांसाठी तुम्ही प्रयोगशाळेतला उंदीर होऊ नका. (अजून कुणी उद्यम काढलं नसेल तर आज काढा. फुकट आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नाही.)

दुसरा ढीग मात्र सोन्याचा. २००६ चा हा कायदा म्हणतो की लेखी काहीही ठरवा, ४५ दिवसांच्या पुढे मुदत नाही. त्यांचे ६० दिवस तिथेच संपले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज केला की तो तुमच्या भागातल्या कौन्सिलकडे (असे वाद ऐकणारी सरकारी परिषद) जातो, पीओवर बंगळुरूचं ज्युरिस्डिक्शन छापलेलं असलं तरी. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हे कलम वाचलं की मोठमोठ्या पार्ट्यांचा आवाज खाली येतो. कागदावर ९० दिवसांत निकाल असतो. माझा दीड वर्षाने लागला, तेव्हा तेवढी तयारी ठेवा.

आणि तिथे जिंकायचं हत्यार वकिलाच्या बॅगेत नसतं, ते तुमच्या टेम्पोवाल्याकडे असतं. माझ्या केसमध्ये समोरच्यांनी सुनावणीला डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) काढली: 'कोटिंग सोलटलं, माल रिजेक्ट.' तारीख माझ्या मागणीपत्रानंतरची. कौन्सिलने एकच विचारलं, माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी आक्षेप घेतला होता का? नव्हता. मग माल मिळाला कधी, हे दाखवायला मी माल पोचवल्याच्या चलनाची कार्बन कॉपी पुढे केली. गेटचा निळा इनवर्ड शिक्का, गाडीचा नंबर, स्टोअरवाल्याची वेडीवाकडी सही, बाजूला पेनाने जीआरएन (माल मिळाल्याची त्यांची नोंद) नंबर. पाच चलनांवर हे सगळं होतं. सहाव्यावर ड्रायव्हरने "साहेब जेवायला गेले होते" म्हणून शिक्का न घेताच गाडी वळवली होती. त्या सहाव्याचे ३८ हजार मला शेवटी सोडावे लागले. तुमची सातही चलनं आज रात्री काढून बघा. शिक्का नसेल तिथे त्यांच्या स्टोअरकडून जीआरएन नंबर मेलवर मागवून घ्या, अजून गोडी आहे तोवर.

तसंच नोटीस जाण्याआधी त्यांच्या अकाउंट्सला एक साधा मेल टाका: "३१ मार्चअखेरची बाकी कृपया कन्फर्म करा", सोबत लेजर (खातेउतारा). क्लार्क सवयीने "कन्फर्म्ड" लिहून पाठवतो. त्या एका शब्दामुळे पुढे त्यांना बाकी नाकारणं अवघड जातं, आणि दावा करायची तीन वर्षांची मुदतही तिथून नव्याने मोजता येते. जुन्या ढिगाला हाच आधार. त्यातले १ लाख २० हजार चेकच्या तक्रारीतून येतील. उरलेल्या १ लाख ४० हजारांना, पीओ आणि चलनं असतील तर, समरी सूट (लवकर निकाली निघणारा दिवाणी दावा) करता येतो. रक्कम ३ लाखांच्या आत असल्याने कमर्शियल कोर्टाची दाव्याआधीची सक्तीची मध्यस्थीही आड येत नाही.

भावाच्या भीतीबद्दल. संबंध नोटिशीने बिघडतात, हे खरं. म्हणून मी आधी त्यांच्या सीएला फोन करतो, तोही फेब्रुवारीत. २०२३-२४ पासून प्राप्तिकरात एक नियम आलाय (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)). आमच्यासारख्या सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच धरला जातो, तोवर त्यावर कर. मालकाला आपली दया येत नाही, पण कर भरायचा म्हटला की चेक निघतो. याला उलटी बाजूही आहे: एका पर्चेसवाल्याने मला चहा पाजून "उद्यम रद्द करा ना, काम वाढवतो" असं सुचवलं होतं. चहा प्यायलो, उद्यम ठेवलं. काम वाढलं नाही, गेलंही नाही.

आणि व्याज पूर्ण मागा, महिन्यावारी तक्ता करून मागा. ते शेवटी सोडण्यासाठीच असतं. "मुद्दल शुक्रवारपर्यंत द्या, व्याज सोडतो" या वाक्याने मी जेवढे पैसे काढलेत तेवढे निकालाने नाही.

वकिलाकडे जाताना तोंडी कहाणी नेऊ नका. एका कागदावर बिल, चलन, जीआरएन, देय तारीख, आलेला पैसा असे रकाने करून न्या. फी टप्प्यांची ठरवा आणि लिहून घ्या. नोटिशीचे वेगळे, तक्रारीचे वेगळे. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर असतील तर तो फोन विकू नका, दुरुस्तीलाही देऊ नका.

चेकवरची तारीख आणि मेमोची तारीख तेवढी इथे लिहा, नाव-रक्कम झाकून. दुसऱ्यांदा टाकायला वाव आहे का ते लगेच सांगतो.