व्हायरल लोड नाही, मग टेस्ट निगेटिव्ह येईल ना?

बडोद्यात घराघरांतून कुणीतरी बाहेर जायच्या तयारीत असतं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं घेणारी तरुण मुलंही त्यातलीच. ‘मॅडम, मला जाता येईल का?’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते. पुढची गोष्ट तीन-चार मुलांची मिळून एक केली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो सव्वीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर. चार वर्षं टीएलडी चालू, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची मिळून रोज एक गोळी. दुबईत मामा आणि मामाच्याच ओळखीने ठरत आलेली नोकरी. जर्मनीतल्या एका विद्यापीठाने मास्टर्सला प्रवेश दिला होता, पण पहिल्या भेटीत तो त्याबद्दल बोललाच नाही.

“माझा रिपोर्ट ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आहे. म्हणजे दुबईची मेडिकल निगेटिव्ह येईल ना?”

“नाही येणार.”

हा गैरसमज फार पसरलेला आहे. व्हायरल लोडमध्ये रक्तातले विषाणू मोजतात, आणि ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ म्हणजे ते सापडले नाहीत. व्हिसाच्या मेडिकलमध्ये मुख्यतः अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधतात, आणि त्या औषधाने जात नाहीत. विषाणू सापडत नसला की शारीरिक संबंधातून संसर्ग जात नाही, हे खरंच. पण टेस्ट पॉझिटिव्हच राहते. दुबईला पर्यटक म्हणून जाताना रक्त कुणी मागत नाही. नोकरीच्या रेसिडेन्सी व्हिसासाठी मात्र तिथे पोहोचल्यावर तपासणी होते आणि पॉझिटिव्ह आली तर परत पाठवतात. सौदी, कुवेत, ओमान, कतार, बहारीनच्या नोकरीसाठी मेडिकल निघण्याआधी इथल्या ठरावीक केंद्रांतच होते. यातून पळवाट नाही, आणि आहे असं सांगणारा एजंट खोटं बोलतो.

“आणि महिनाभर आधी गोळ्या बंद केल्या तर?”

हाही कुणा एजंटाचाच सल्ला. गोळी बंद झाली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देण्याचा धोका तयार होतो. टेस्टचं उत्तर तसंच राहतं. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर आणखी कठीण, कारण टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन तोही दाबून ठेवतात. अचानक थांबवलं तर यकृताला जोराचा तडाखा बसू शकतो.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “दुबईच का?”

“मामाकडे राहायचं. पगार चांगला. कुणाला शंका येणार नाही.”

“आणि जर्मनीला?”

“तिथे होस्टेल. सहा जणांत एक फ्रिज, एक बाथरूम. बाटली कुठे ठेवणार? मॅडम, हे कुणालाही कळताच कामा नये.”

त्या ‘च’पाशी मी थांबले. माझी सवयच आहे ती. माणूस परिस्थितीने अडतो त्यापेक्षा या एका अक्षराने जास्त अडतो, असं माझं मत दर वर्षी पक्कं होत चाललंय. मी म्हटलं, “म्हणजे जिथे तपासणार हे नक्की, तिथे जायला तू तयार आहेस. जिथे कुणी विचारणारही नाही, तिथे एका बाटलीसाठी जात नाहीस.”

तो बराच वेळ गप्प राहिला. मीही बोलले नाही. अशा वेळी समजावायला धावलं की हातचं जातं. शेवटी म्हणाला, “टीएलडी फ्रिजमध्ये ठेवावी लागत नाही ना?”

“नाही. तीस अंशांच्या खाली, कोरड्या जागी. कपाटाला कुलूप असलं की झालं.”

तिथून पुढे आम्ही फक्त कामाचं बोललो. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एचआयव्हीची तपासणी मागत नाहीत. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्यविमा मिळतो. तो जुन्या आजारामुळे नाकारत नाहीत आणि एआरटीचा खर्च त्यातून होतो. आपल्या खिशातून दर औषधामागे पाच ते दहा युरो. अडचण मधल्या काळाची आहे. प्रवेश नोंदवून विमा सुरू होईपर्यंत प्रवासविम्यावर राहावं लागतं, आणि त्यात जुना आजार सहसा धरत नाहीत. म्हणून सोबत तीन महिन्यांच्या गोळ्या हव्यात, म्हणजे तिसाच्या तीन बाटल्या. एआरटी सेंटरच्या डॉक्टरांशी महिना-दीड महिना आधी बोलावं, आदल्या आठवड्यात जाऊन मागणं बरं नाही. लेबल काढायचं नाही, गोळ्या डब्यात ओतायच्या नाहीत, सगळं हातातल्या बॅगेत. सोबत औषधांची जेनेरिक नावं आणि डोस लिहिलेलं डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, शेवटचे व्हायरल लोड आणि सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) रिपोर्ट, हिपॅटायटिस बीची तपासणी आणि आधी कोणती औषधं घेतली त्याची नोंद. घड्याळ साडेतीन-साडेचार तास मागे जाईल. एका दिवसाच्या तेवढ्या फरकाने काही बिघडत नाही. होस्टेलच्या जेवणाने पोट बिघडून अँटासिड घ्यावंच लागलं, तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

बाकी देशांचं थोडक्यात. अमेरिकेने प्रवेशबंदी 4 जानेवारी 2010 ला उठवली. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2012 पासून एचआयव्हीचे उपचार व्हिसा कुठलाही असो, मोफत आहेत. कॅनडाच्या इमिग्रेशन मेडिकलमध्ये पंधरा वर्षांवरच्यांची तपासणी होते, पण पॉझिटिव्ह म्हणजे नकार नव्हे. तुमच्या उपचारांचा वर्षाचा खर्च ठरावीक मर्यादेवर जातो का, हे बघतात. ती मर्यादा 2018 मध्ये तिप्पट केली गेली. तिथल्या रहिवाशाने प्रायोजित केलेल्या नवरा-बायकोला आणि अवलंबून असलेल्या मुलांना ती लागूच नाही. शंका आली तर आधी पत्र येतं. मुदतीत आपल्या औषधांचा खरा खर्च दाखवून उत्तर द्यायचं. फॉर्मवर खोटं लिहिलं आणि सापडलं, तर पाच वर्षं दार बंद.

एक सांगायचं राहिलं. आपल्याकडचा 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, आणि कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती कुणी उघड करू शकत नाही. एजंटाला ‘फाईल पूर्ण करायला’ रिपोर्ट हवा असेल, तर कुठल्या फॉर्मचा कुठला रकाना ते आधी विचारा. पण परदेशी सरकारच्या व्हिसा-मेडिकलला हा कायदा अडवू शकत नाही.

शेवटच्या भेटीला त्याची आई सोबत आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तीन महिन्यांनंतर मीच पाठवत जाईन की कुरिअरने. इथे फुकट मिळतात.”

युरोपबाहेरून टपालाने आलेली औषधं जर्मनीत कस्टम्स सोडत नाही.

“गोळ्या नको, काकू,” मी म्हटलं. “चेवडा पाठवा.”