कर्नलचा कोड रीड-ओन्ली, मग डीबगर ब्रेकपॉइंट लिहितो कसा?

प्रश्न रास्त आहे. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात कर्नलवर काम सुरू करणारा जवळपास प्रत्येक जण इथे अडतो. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड ठरल्या जागी थांबवायची खूण, लावणं म्हणजे सूचनेचा पहिला बाइट बाजूला ठेवून तिथे ०xसीसी (थांबून डीबगरकडे जायला लावणारी सूचना) लिहिणं. कर्नलचा कोड रीड-ओन्ली असेल तर हे लिहितानाच पेज फॉल्ट (परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्यावर प्रोसेसर देतो ती चूक) येणार.

पण एक लक्षात घे: परवानगी पेज टेबलातल्या (व्हर्च्युअल पत्ता कुठल्या भौतिक पानावर जातो ते सांगणारा तक्ता) नोंदीला असते, रॅमला नाही. तेच भौतिक पान दुसऱ्या व्हर्च्युअल पत्त्यावर लिहिता येईल असं मॅप कर, बाइट बदल, मॅपिंग काढून टाक. लिनक्समधलं टेक्स्ट_पोक हे फंक्शन हेच करतं आणि केजीडीबी (लिनक्स कर्नलमधलाच डीबगर) गरज पडली की त्याचाच आधार घेतो.

सीआर० या प्रोसेसरच्या कंट्रोल रजिस्टरमधला डब्ल्यूपी बिट (कर्नललाही रीड-ओन्ली पानांवर लिहू न देणारा) उतरवण्याचा सल्ला खूप ठिकाणी दिसेल. कृपा करून त्या वाटेला जाऊ नकोस. तेवढ्या वेळात त्या कोअरवर कर्नलची प्रत्येक चुकीची राइट बिनबोभाट खपून जाते, आणि लिनक्स ५.३ पासून कर्नलचं नेहमीचं फंक्शन तो बिट उतरवूच देत नाही.

खरोखरच्या रॉममध्ये किंवा फ्लॅशमध्ये मात्र दुसरं मॅपिंग कामाचं नाही. तिथे जीडीबी या डीबगरमध्ये ब्रेकऐवजी एचब्रेक (हार्डवेअर ब्रेकपॉइंट) वापर. पत्ता प्रोसेसरच्या डीआर० ते डीआर३ या डीबग रजिस्टरांमध्ये जातो, मेमरीला हात लागत नाही. जागा फक्त ४, म्हणून जपून वापर. बूटच्या सुरुवातीला, पेजिंग चालू व्हायच्या आधी थांबायचं असेल तरी एचब्रेकच. आणि क्यूएमू या एम्युलेटरमध्ये थांबतच नसेल, तर आधी कर्नलला नोकेएएसएलआर (दर बूटला कर्नलचे पत्ते बदलू न देणारा पर्याय) दिलंय का ते बघ.