आमच्या कंपनीला आदिवासी आणि पारंपरिक कारागीर समाजांच्या व्यवसायांना साथ द्यायची आहे. प्रदर्शन भरवावं की थेट भागीदारी करावी?

प्रदर्शन नको, ऑर्डर द्या. ऑर्डरीबरोबर निम्मे पैसे आगाऊ द्या आणि उरलेले माल पोचल्यावर ४५ दिवसांच्या आत. एवढं जमणार नसेल तर बाकीच्या भागीदारीत काही राम नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, म्हसवडच्या बाजूची. सासर सनगरांचं, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्यांचं. आम्ही अनुसूचित जमातीत येत नाही, त्यामुळं तुमच्या प्रश्नातल्या 'आदिवासी' शब्दात मी बसत नाही, 'पारंपरिक कारागीर' मध्ये बसते. आणि तुमच्यासारख्याच एका कंपनीशी माझा व्यवहार झालेला आहे, म्हणून लिहिते आहे.

पुण्यातल्या त्या कंपनीनं आपल्या आवारात कारागिरांचा मेळा भरवला होता. टेबल फुकट, जेवण फुकट, मागं आमच्या फोटोंचे मोठे फलक. माणसं यायची, घोंगडीवरनं हात फिरवायची, "टोचते हो" म्हणायची, फोटो काढून जायची. विक्री गाडीभाडं निघण्यापुरती. पण तिथल्या एका मॅडमना काम मनापासून आवडलं. पुढच्या दिवाळीला कर्मचाऱ्यांना भेट म्हणून लोकरीची आसनं आणि लॅपटॉपची कव्हरं द्यायची त्यांनी ठरवली. मॅडमबद्दल माझी आजही तक्रार नाही.

ऑर्डर आली सप्टेंबरात. घोंगडी कशी होते हे माहीत असलेला माणूस सप्टेंबरात ऑर्डर देणार नाही. मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात. ती लोकर निवडायची, काळी-पांढरी वेगळी करायची, पिंजायची, मग बायका चरख्यावर सूत काढतात. ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, लांबवर ताणून त्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि ती कडक उन्हात वाळवायची, तेव्हा कुठं तो खड्ड्याच्या मागावर चढतो. आमच्या माणात पाऊस पडतो तो बहुतेक परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. नेमकी खळ वाळवायची वेळ आणि आभाळ भरलेलं. ताणा घरात घ्यायचा, उघडीप झाली की परत बाहेर काढायचा. तरी आम्ही माल वेळेत पोचवला, कारण शब्द दिला होता.

आता पैशाचं बघा. मेंढपाळाला लोकरीचे पैसे रोख. पिंजणाऱ्याला रोख. सूत कातणाऱ्या म्हाताऱ्यांना किलोवर रोख, त्या आठवड्याच्या बाजाराला जाणार असतात. या सगळ्या साखळीत उधारीवर फक्त कंपनी. म्हणजे माणातल्या कातणारणीनं पुण्याच्या कंपनीला बिनव्याजी कर्ज दिलं, असाच त्याचा अर्थ होतो. आधी व्हेंडर कोड नाही म्हणाले. मग कॅन्सल चेक पाठवा. मग बिलावर पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या खरेदी-ऑर्डरीचा नंबर नाही, परत बिल करा. मग अकाउंट्सचे साहेब रजेवर. संक्रांत गेली, होळी गेली. आमचा फोटो मात्र त्यांच्या अहवालात तोवर छापून आला होता.

घरात यावरनं वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. माझे चुलत दीर म्हणाले, "वहिनी, मोठ्या माणसांकडं बिल मागायचं नसतं. नाव होतंय ना आपलं?" मी म्हटलं, भाऊजी, नावावर लोकर मिळत नाही. वडूजला हिशेब लिहिणाऱ्या एका मुलानं मला कायदा समजावून सांगितला. २००६ च्या एमएसएमई कायद्याचं कलम १५ सांगतं की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. कलम १६ प्रमाणं उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तरी नाही दिले तर याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडं दाद मागता येते. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, होतीच. ही कलमं लिहून मी रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं. आठवड्याच्या आत मुद्दल जमा झालं. व्याज मी मागितलं नाही.

पुढच्या दिवाळीला त्यांची ऑर्डर आली नाही. भाऊजी अजूनही म्हणतात, "बघा, गिऱ्हाईक घालवलं." मी म्हणते, सहा महिने पैसे अडकवणारं गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक नव्हेच. त्या वर्षी एखादा मेंढपाळ माझ्याकडं उधारीवर लोकर टाकायला तयार झाला असता का? त्यांचं स्वतःचं गणित आधीच बिघडलंय. दख्खनी मेंढीच्या लोकरीला भाव नाही, म्हणून माणसं जतकडच्या माडग्याळ मेंढीकडं वळली. तिला मटणाचा पैसा आहे, लोकर जवळपास नाही. कातरलेली लोकर शेतातच टाकून देणारे मेंढपाळ मी बघितलेत. अशात त्यांचे पैसे आम्ही थकवले तर पुढच्या कातरणीला आमच्यासाठी कोण थांबेल? भाऊजी हे वाचणार आहेत, म्हणून इथं सगळ्यांसमोर विचारते.

तुमच्या प्रश्नाकडं येते. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण अशा चर्चेत हमखास निघतं. तिथं केंद्र सरकारनं २०१५ मध्ये मूळनिवासींच्या उद्योगांकडून किती खरेदी करायची याचं उद्दिष्टच ठरवून दिलं. आपल्याकडं २०१२ च्या आदेशानं केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्या बांधलेल्या आहेत: आता २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून, त्या २५ मधली ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. खासगी कंपनीला हे बंधन नाही, पण तुम्हाला कुणी अडवलंय? खरेदीच्या बजेटातला ठरावीक हिस्सा आमच्यासाठी राखा. सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या पैशातनं नको. सीएसआरमध्ये आम्ही लाभार्थी होतो, खरेदीत पुरवठादार, आणि पुरवठादाराला बिल मागायचा हक्क असतो.

आदिवासींचाच माल हवा असेल तर ट्रायफेड ही आदिवासींचा माल विकणारी केंद्र सरकारची संस्था आणि वनउपज गोळा करून त्यावर प्रक्रिया करणाऱ्या आदिवासी गटांची वनधन केंद्रं आहेत. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल थेट औषध कंपन्यांना विकून दाखवली आहे. खरी भागीदारी ती. घोंगडी घ्यायची तर मागावर येऊन घ्या, कारण पानिपतचं जुन्या लोकरीचं यंत्रावरचं ब्लँकेट प्रदर्शनात 'हातमाग' म्हणून सर्रास खपतं. आणि दख्खनी लोकर टोचणारच. मऊ हवं असेल तर दुसरं काही घ्या, आमच्या सुतात ॲक्रिलिक मिसळायला सांगू नका.

प्रदर्शनांवर मी सरसकट फुली मारत नाही, हेही सांगायला हवं. मुंबईत आणि साताऱ्यात माणदेशी महोत्सव भरतो, तिथं गिऱ्हाईक रोख देऊन माल नेतं आणि पुढच्या वर्षी परत शोधत येतं. तसं भरवणार असाल तर जरूर भरवा, पण सेल्फीसाठी नको.

भाऊजींसारखा विचार करणारे कारागीर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: ४५ दिवसांच्या कायद्याचा आधार हवा असेल तर माल द्यायच्या आधी उद्यम नोंदणी करून ठेवा, नंतर केलेली कामाला येईलच असं नाही. दुसऱ्याचा माल आणून नुसता विकणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही, स्वतः बनवणाऱ्याला मिळतं. आणि कंपनीवाल्यांनो, २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकरात ४३बी(एच) हे कलम आलं. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही. तुमच्या अकाउंट्सच्या साहेबांना हे दाखवा, आणि दिवाळीची ऑर्डर मार्चमध्ये पाठवा.