ढेकळाआडचं घरटं : वाचकांचे प्रश्न

उन्हाळी मशागतीच्या दिवसांत आलेल्या पत्रांत यंदा डोंबारी चंडोलाबद्दल, म्हणजे उघड्या रानात जमिनीवरच घरटं करणाऱ्या छोट्या पक्ष्याबद्दल, बरेच प्रश्न आहेत. त्यांतले काही इथे घेतले आहेत.

*ज्वारी काढून रान नांगरलं. कुळवाची पाळी घालताना एका ढेकळाच्या बुडाशी वाटीएवढा खळगा दिसला, आत दोन ठिपकेदार अंडी. जवळच काळ्या पोटाचा, चिमणीएवढा पक्षी घुटमळत होता. आता काय करू?*
— एक शेतकरी, करमाळा

तो डोंबारी चंडोलाचा नर. डोकं राखाडी, गाल पांढरे, डोळ्यातून गेलेली काळी पट्टी आणि खालचं सगळं अंग काळं. मादी मात्र मातकट. ढेकळावर बसली तर दिसत नाही. लांबी १२-१३ सेंटिमीटर. खळगा पक्षी बसेल एवढाच असतो, आत गवताच्या काड्या आणि पिसं, काठाला पुष्कळदा बारीक खडे मांडलेले. अंडी दोन किंवा तीन.

अंडी उबायला १३-१४ दिवस लागतात. पुढे पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्यातून बाहेर पडतात आणि आसपासच्या ढेकळांत दडून राहतात. म्हणून घरटं रिकामं दिसलं की लगेच कुळव घालू नका. अंडी दिसल्यापासून चार आठवडे तो तुकडा तसाच राहू द्या. घरट्याच्या चारी बाजूंना चार-चार मीटर सोडलं तरी होतात ६४ चौरस मीटर, म्हणजे पाऊण गुंठाही नाही. पेरणी जूनमध्ये असेल तर मार्च-एप्रिलच्या घरट्यासाठी काहीच अडत नाही. मे अखेरचं असेल तर तेवढा तुकडा मागून हातानं पेरावा लागेल.

खूण करताना बहुतेकांची चूक होते. घरट्याशेजारी काठी रोवून तिला लाल फडकं बांधलं, की कावळ्याला बसायला जागा मिळते आणि खाली बघायला कारणही. खूण बांधावर करा: घरट्याच्या सरळ रेषेत दोन्ही टोकांच्या बांधांवर दोन-दोन दगड, आणि बांधापासून किती पावलं ते ट्रॅक्टरवाल्याला मोजून दाखवा. सोडलेल्या तुकड्याच्या कडेला ट्रॅक्टर वळवू नका. रोटाव्हेटर असेल तर अंतर आणखी वाढवा, कारण तो ढेकूळच शिल्लक ठेवत नाही, आणि ढेकूळ हेच या पक्ष्याचं छप्पर.

अंडी उचलून बांधावर नेऊन ठेवण्याचा विचारही नको. पक्षी जागेवर येतो, अंड्यांच्या मागे येत नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अंडी वा घरट्याला हात लावायला मनाई आहे.

*याला डोंबारी का म्हणतात?*
— एक शिक्षिका, बारामती

सकाळी माळावर पंधरा मिनिटं उभ्या राहिलात तर नरच उत्तर देईल. पंख फडफडवत तो जवळजवळ सरळ वर चढतो, साधारण ३० मीटर. मग पंख मिटून डोकं खाली करून सूर मारतो, थोडं खाली येऊन त्याच वेगानं पुन्हा वर उसळतो, पुन्हा सूर. प्रत्येक सुराबरोबर लांबलचक शीळ. असे पायरी-पायरीनं खाली येत शेवटी एखाद्या ढेकळावर किंवा दगडावर उतरतो. आपली हद्द दाखवायची आणि मादीचं लक्ष वेधायचं, असा दुहेरी हेतू. तो उतरतो तिथेच घरटं असेल असं मात्र समजू नका.

माळावरचे इतर चंडोलही उड्डाणावरून ओळखता येतात. झुडपी चंडोल वर जाऊन पंख वर धरतो आणि पाय लोंबते सोडून तरंगत खाली येतो. उडताना पंखात तांबूस रंग चमकतो. मुरारी आकारानं मोठा, शेपटी तांबडी आणि टोकाला काळी पट्टी. डोक्यावर तुरा दिसला तर दख्खनच्या माळावर बहुधा साइक्सचा चंडोल. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधल्याच पक्ष्यावरून त्याची शास्त्रीय नोंद केली. इतर पक्ष्यांच्या नकला करण्यात हा पटाईत. सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, तुरेवाला दिसला तर मलबारी चंडोल धरा.

*घरट्याचा फोटो काढायचा आहे. किती अंतर ठेवावं?*
— एक छायाचित्रकार, पुणे

काढू नका. अंतराचा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न वेळेचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उघडी जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि ४०-४१ अंशांच्या वर अंड्यातला जीव धोक्यात येतो. म्हणून भर उन्हात पक्षी अंडी उबवत नसतो, सावली धरत असतो: घरट्यावर उभा, पंख अर्धवट पसरलेले, चोच उघडी. तुम्ही आलात की तो उठतो, आणि तुम्ही लेन्स बदलेपर्यंत अंडी उन्हात. पालथ्या टोपलीची किंवा फांदीची सावली करणं हाही उपाय नव्हे; पालक बिचकतात आणि कावळा, मुंगूस, घोरपड यांना जागा कळते. फोटो हवाच असेल तर उड्डाणाचा काढा, सकाळी नऊच्या आत, रस्त्यावरून. घरट्याकडे चालत गेल्यानं तुमच्या मागं कुत्रंही येतं, हे वेगळंच.

*गावच्या गायरानावर यंदा खड्डे घेऊन गिरिपुष्प आणि कडुलिंब लावायचं ठरतंय. पक्ष्यांना फायदा होईल ना?*
— ग्रामपंचायत सदस्य, इंदापूर तालुका

काही पक्ष्यांना होईल, माळावरच्यांना नाही. चंडोलाला आडोसा लागतो तो मुठीएवढ्या गवताच्या झुबक्याचा. चहूबाजूंनी नजर जायला हवी. झाड म्हणजे कावळ्याचं आणि शिकऱ्याचं टेहळणीचं ठिकाण. सलग समतल चर खोदले तर तेवढ्या पट्ट्यातली माती उलटी होते आणि गवताचं बी गाडलं जातं. झाडं ओढ्याकाठी, शाळेभोवती, गावठाणालगत लावा. माळाचा मधला भाग मोकळा राहू द्या. चराईला आमची हरकत नाही. मेंढ्यांनी खुरटं केलेल्या गवतातही हे पक्षी घरटी करतात. फक्त कळपाबरोबरची कुत्री आवरा आणि फेब्रुवारीपासून माळाला काडी लावू नका, कारण वीण तेव्हाच सुरू होते.

*नांगरटीत एक पिल्लू सापडलं. उडत नाही. घरी खोक्यात ठेवलंय, दूध-पाव देतोय.*
— एक विद्यार्थी, बार्शी

दूध-पाव लगेच बंद. अंगावर पिसं आली असतील आणि पिल्लू धावू शकत असेल तर ते घरट्यातून स्वतःच बाहेर पडलेलं आहे, अनाथ नाही. तोंड उघडलं की जिभेवर काळे ठिपके दिसले तर चंडोल कुळातलं. जिथं सापडलं तिथंच, त्याच दिवशी, ऊन कलल्यावर, ढेकळाच्या सावलीत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकून देतात हा समज चुकीचा आहे. ठेवल्यावर पन्नास-साठ मीटर लांब जाऊन बसा. पालक चोचीत किडा घेऊन फिरताना दिसले की निघून या. तासाभरात कोणीच फिरकलं नाही किंवा पंख मोडलेला असेल, तरच वन विभागाला फोन करा.